माझ्यातून पुसलेलं गाणं

“घरात तान्हं मूल आहे आणि तू मला मयताचं गाणं म्हणायला लावतेस? बंद कर ते डबडं!” सिप्रियाना मावशी म्हणाली होती.

“मावशी, शिकलेल्या पोरीला भुताखेतांच्या गोष्टी सांगू नकोस,” म्हणत दोरिनानं हसून बटण दाबलं.

मित्रांनो, ते डबडं म्हणजे मी. मी एक जुना टेप रेकॉर्डर आहे.

जन्मलो दूरच्या कारखान्यात, पण मला समज आली ती कोलंबियाच्या किनाऱ्यालगत, पळून आलेल्या गुलामांनी वसवलेल्या एका गावात. दोरिना कासेरेस त्या गावची लेक. तिची आई डोक्यावर परात घेऊन खोबऱ्याच्या वड्या विकायची. दोरिना मात्र कार्ताहेनाच्या विद्यापीठात शिकवू लागली होती. आपल्या काळ्या लोकांचं स्पॅनिश साहित्य, कॅरिबियन बेटांवरच्या कविता, यांवर ती पहिलं पुस्तक लिहीत होती. स्वतःही कविता करायची.

लुंबालू हे आमच्या गावचं मयताचं गाणं. ते कुणी गेल्यावरच गायचं. एरवी गायलं तर ते न्यायला माणूस शोधत घरात फिरतं, असं म्हणतात. ते पूर्ण येत होतं एकट्या मावशीला, आणि तिच्याबरोबरच ते संपेल या धास्तीनं दोरिनाला चैन नव्हती. भाचीचा हट्ट मोडवेना, म्हणून मावशी गायली. मी तिचा श्वाससुद्धा सांडू दिला नाही.

आणि दुसऱ्याच दिवशी दोरिनाची तान्ही लेक येसेनिया तापानं फणफणली. डासांचा ताप आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं, औषधही दिलं. दोरिनाला ते पटत होतं. पण आईचं मन पटण्यावर थोडंच चालतं? लेकीला खांद्यावर घेऊन ती माझ्यासमोर बसली, टेप मागे नेली आणि त्यावरच पुन्हा ध्वनिमुद्रण सुरू केलं. मावशीच्या आवाजावर लेकराचं कण्हणं चढत गेलं. माझ्या पोटातलं सर्वांत मोलाचं गाणं पुसलं गेलं.

ताप उतरला तशी मावशी आली.

“पुसलंस? सगळं?”

“सगळं.”

“अगं बाई! किती छान गायले होते गं मी!” मावशीनं कपाळावर हात मारला. मग बाळाच्या मानेला हात लावून म्हणाली, “बरं केलंस. मलाही झोप नव्हती. पण आता तुला शिकावं लागेल, आणि कुणी मेल्याशिवाय मला शिकवता यायचं नाही. आपल्या गावच्या म्हाताऱ्या तर मरायचं नाव घेत नाहीत!”

तेव्हापासून गावात कुणी गेलं की दोरिना बस पकडून यायची आणि मावशीच्या मागे उभी राहून एकेक ओळ उचलायची. पुस्तक रखडलं. “दोरिनाबाईंचं पुस्तक कुणाच्या मरणाची वाट बघतंय?” सहकारी हसायचे. तीही हसायची.

अखेर पुस्तक निघालं. बेटाबेटांवरून तिला व्याख्यानांची बोलावणी आली. पत्रकार माझेही फोटो काढून गेले. पुढे खिशात मावणारी यंत्रं आली आणि मी कपाटात गेलो. माझ्यातल्या बॅटऱ्या फुटून गंजल्या, कुणाच्या लक्षात आलं नाही. मावशी गेली तेव्हा दोरिनानं मला नेलं नाही. त्या दिवशी पुढे उभी राहून ती स्वतः गायली, आणि एक ओळही अडली नाही, असं नंतर घरी आलेल्या बायका बोलत होत्या.

आता ती निवृत्त झाली आहे. येसेनिया माद्रिदला. दोरिना घरात एकटीच, आणि तिच्यामागे उभं राहून गाणं शिकायला अजून कुणी आलेलं नाही. सकाळी कॉफी करताना ती नुसती चाल गुणगुणते, शब्द नाहीत. कपाटाच्या फटीतून ते ऐकणं एवढंच माझं काम उरलं होतं. पण गेले काही दिवस गुणगुणणं थांबलंय. खुर्ची सरकते, खोकला येतो, आणि पुन्हा सगळं शांत.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ राहू द्या. तुमच्यापैकी कुणी तरी चर्चमागच्या गल्लीत जा आणि तिच्या हिरव्या दारावर थाप मारा. “मला काय धाड भरलीय?” असं ती म्हणेल. तरी आत जा, कॉफी मागा, बसा. आणि तिला उठायला वेळ लागला, तर परत फिरू नका. दारातूनच हाक मारत राहा.