तीनच्या पुढचे आकडे

थोरली जाऊ हसली की घर तिच्याकडे वळायचं. सासूबाई हातातलं निवडणं विसरायच्या, माझा नवरा बातम्यांचा आवाज कमी करायचा. ओवून ठेवावेत तसे तिचे दात. एक पुढे नाही, एक मागे नाही. माझे म्हणजे नुसती रेटारेटी, एक दुसऱ्याच्या खांद्यावरून डोकावतो. फोटोच्या वेळी मी ओठ मिटते आणि कुणीतरी म्हणतंच, "ही बघा, फुगून बसली."

गंमत अशी की दात साफ करणं हेच माझं काम. चौदा वर्षं दवाखान्यात लोकांच्या दातांवरचं किटण काढते, हिरड्या तपासते. घरी मात्र विषय निघाला की सासूबाई थोरलीकडे बोट दाखवतात. "ही कधी दवाखान्याची पायरी चढली नाही. मुळातच देखणे."

"आणि ही रोज तिथेच असते," थोरली म्हणायची, "तरी बिचारीच्या दातांना बसायला जागा मिळेना."

सगळे हसायचे. मीही हसायची, ओठ मिटून. पोटातला निखारा कुणी फुंकर घातल्यासारखा लाल व्हायचा.

दोन वर्षांपूर्वी एका दुपारी तिनं सफरचंदाचा चावा घेतला आणि पांढऱ्या गरावर तांबडी रेघ उमटली. तिनं ती अंगठ्यानं पुसली. मग मला म्हणाली, "अगं, मी साफ करून घेऊ का गं? पण शेजारीण म्हणते, साफ केले की दात हलायला लागतात. खरं का?"

हा प्रश्न मला आठवड्यातून दहा वेळा विचारला जातो. दहाही वेळा मी सांगते, किटण दाताला धरून ठेवत नाही. ते हिरडीखाली सरकतं, आतलं हाड खातं, आणि दात हलतो तो त्यामुळे. दहा परक्या माणसांना समजावते. तिला म्हटलं, "ज्याची त्याची ठेवण असते, ताई. चांगले आहेत तुमचे. उगाच कशाला हात लावायचा?"

ती खूश झाली. मी ताटं उचलली. दोन वर्षं तिच्या ब्रशवरचा गुलाबी फेस बघत राहिले आणि गप्प राहिले.

यंदा तिच्या वरच्या पुढच्या दोन दातांत फट पडली. एक दात जिभेनं ढकलला की हलायला लागला. सासूबाई म्हणाल्या, "घरचीच आहे, हिच्याकडे जा." आणि ती माझ्या खुर्चीत येऊन आडवी झाली.

आमच्याकडे सफाईआधी हिरडी मोजतात. आखलेली बोथट सळई दात आणि हिरडी यांच्यामध्ये अलगद उतरवायची, एका दाताला सहा ठिकाणी, आणि खोली मोठ्यानं म्हणायची. समोर बसलेली मुलगी लिहून घेते. तीन मिलिमीटरपर्यंत ठीक. तीनच्या पुढे हिरडी दाताला सोडते आहे असं समजायचं.

"तीन, चार, पाच," मी म्हणाले. "चार, पाच, पाच." पुढच्या दातांपाशी आले. "सहा, सात, सहा. सहा, सात, सात."

लिहिणाऱ्या मुलीनं मान वर केली तेव्हा माझं मला ऐकू आलं. माझ्या आवाजाला चाल लागली होती. मी गात होते.

सळई बाजूला ठेवली.

डॉक्टरीणबाई आल्या, एक्स-रे उजेडासमोर धरला. "रक्त कधीपासून येतं?"

"दोन महिने झाले," थोरली म्हणाली. दातांचं कौतुक होणाऱ्या बाईला याहून जास्त कबूल करवत नसणार.

"दोन महिन्यांत एवढं हाड जात नाही. नीट आठवा."

"दोनच."

"मग हे काहीतरी वेगळं असू शकतं. आधी बाकीच्या तपासण्या करू, सफाईचं पुढच्या महिन्यात बघू."

त्या दाताकडे एक महिना नव्हता. मी गप्प राहिले असते तर कुणाला काही कळलं नसतं.

"दोन वर्षं," मी म्हणाले. "मी पाहिलंय. त्यांनी मला विचारलंही होतं. मीच नको म्हटलं."

डॉक्टरीणबाईंनी मास्कवरून माझ्याकडे पाहिलं. मग थोरलीला म्हणाल्या, "गेलेलं हाड परत येत नाही, उरलेलं राखता येतं. हिरडीच्या आतून सफाई करावी लागेल, आज एक बाजू. पुढचा दात टिकतो का, ते तीन महिन्यांनी कळेल. सफाईला दुसरीला बोलावते मी."

थोरलीनं चूळ भरली, ओठ टिपले. "नको. हीच करेल."

डॉक्टरीणबाई गेल्यावर ती छताकडे बघत म्हणाली, "का गं?"

"तुम्ही हसलात की सगळे तुमच्याकडे बघतात."

तिनं मान माझ्याकडे वळवली. "चौदा वर्षं मी भरलेला डबा घेऊन तू बाहेर पडतेस आणि मी दारात उभी राहते. मी जळले नसेन? पण तुझा डबा कधी खारट केला नाही मी."

बधिरीचं इंजेक्शन दिलं आणि कामाला लागले. हिरडीखालून काळं, खडबडीत किटण कपच्या-कपच्यांनी निघालं. इतक्या हलक्या हातानं मी कधी कुणाचं केलं नसेल. शेवटी तिनं जीभ फिरवली. "वारा लागतोय."

"किटणानं बुजलेल्या फटी आहेत त्या. आता दिसतील."

आरशात पाहून ती हसली. अर्धा ओठ बधिर, हसू तिरपं, दातांत फटी. लिहिणारी मुलगी म्हणाली, "काय छान हसता हो तुम्ही."

आणि पोटात पुन्हा निखारा. गेला नव्हता तो कुठे.

मी तिच्या हातात दातांमधून फिरवायचा बारीक ब्रश ठेवला, बोटं धरून कसा घालायचा ते दाखवलं. "रोज, दोन्ही वेळा. मी लक्ष ठेवणार आहे."

"ठेव," ती म्हणाली. "नाहीतरी तुझं लक्ष माझ्या तोंडाकडेच असतं."