चिंध्यांचे चेंडू

आमच्या घरात देव थोडे आणि गोरे फार. आमचे हे अकोल्याच्या शाळेत मास्तर. पाद्रीसाहेबाकडून आणलेल्या पुस्तकांतून रोज कुणीतरी निघायचा आणि माझ्या चुलीपाशी ठाण मांडायचा. आधी स्वित्झर्लंडचा पेस्टालॉझी आला. मुलांना शब्द नंतर, वस्तू आधी दाखवा म्हणे. मग जर्मनीचा फ्रोबेल आला. मूल खेळता खेळता शिकतं, त्याच्या हाती पहिल्यांदा मऊ लोकरीचा चेंडू द्यावा, असं त्याचं सांगणं.

"त्याला विचारा, भांडी कोण घासणार?" मी म्हटलं. हे हसले. मी हसले नाही.

तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली होती आणि इकडे कापसाला सोन्याचं मोल आलं होतं. लोक गाद्या उसवून कापूस विकत होते. शेजारची कौशल्या उजाडताच शालिकराम शेठच्या वखारीत कापूस साफ करायला जाई. चार वर्षांच्या शकुनला ती मोहरीएवढी अफू चाटवी आणि गोण्यांवर निजवून कामाला लागे. सगळ्याच बाया तसं करीत. एकदा ह्यांनी वखारीत शकुनला किती हाका मारल्या, पण ती काही केल्या उठेना. तोंडावर पाणी मारलं तेव्हा तिनं डोळे उघडले आणि पुन्हा मिटले.

"ही पोर अफूनं जाईल," हे घरी येऊन म्हणाले. "तिला आपल्या ओसरीवर ठेवू. दिवसभर जागी राहिली पाहिजे, बस्स."

आपल्या म्हणजे माझ्या. हे तर दिवसभर शाळेत. पण नाही म्हणवलं नाही.

शकुनच्या मागोमाग आणखी पोरं आली. लोकर कुठून आणायची? जुन्या लुगड्याच्या चिंध्या शिवून मी चेंडू केले. आत भरायला शेठनं वखारीतला झाडलेला कापूस दिला, सरकी आणि काडीकचऱ्यासकट. सुरुवातीला शकुन बसल्या जागी पेंगायची. मग एक दिवस चेंडू तिच्या कपाळावर आपटला आणि ती खळखळून हसली. माझी कंबर मोडून आली होती, तरी मला फार बरं वाटलं.

पुढे तिचा चेंडू उसवला. ती मांडी घालून बसली आणि आतला कापूस उपसू लागली. सरकी एकीकडे, काड्या दुसरीकडे, कापूस मांडीवर. आई करते तसंच. तिचं पाहून बाकीच्यांनीही आपापले चेंडू फाडले. ओसरीवर चिडीचूप.

हे शाळेतून आले आणि पाहतच राहिले. "कुणी न सांगता निवडताहेत! वेगवेगळं करताहेत! फ्रोबेल असता तर नाचला असता." आनंदाच्या भरात हे धावत जाऊन शालिकराम शेठला घेऊन आले. कापूस त्यांनी दिलेला, त्यांनाही कौतुक वाटेल म्हणून.

शेठ बराच वेळ उभे होते. शकुनची बोटं पाहत होते.

"मास्तर," ते म्हणाले, "लेकरं तं लय हुशार केली तुमी."

दुसऱ्या दिवशी ओसरीवर कोणी आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी फाटक्या चिंध्या गोळा करून ठेवल्या. हे शाळेत जाण्याआधी गल्लीच्या टोकापर्यंत पाहून येत.

मग संध्याकाळी कौशल्या आली. थकलेली होती, पण तोंडावर हसू होतं. पदरात आमच्यासाठी बोरं आणली होती.

"मास्तर, तुमचे लय उपकार झाले," ती म्हणाली. "आता शकुनले अफू द्याचं कामच नाही. दिवसभर माह्याजवळ बसून कापूस साफ करून राहिली. शेठ म्हनते, मोठ्या बाईपेक्षा भरभर हात चालते तिचा."

"झोपत नाही?" ह्यांनी विचारलं.

"झोपाले वेळ कुठी हाय तिले?"

ती गेल्यावर हे बोरं हातात धरून बसून राहिले. मी ताट वाढलं, ते उठले नाहीत. मी आग्रह केला नाही. मीही दमले होते.