सतरा नंबर कुणाच्या हाकेला येते

“मोजायचं, लिहायचं आणि गप्प बसायचं. नाव ठेवायचं नाही,” मामंजी सांगायचे. “नाव ठेवलं की माया जडते आणि माया जडली की नोंद बिघडते.”

मामंजी म्हणजे माझे सासरे. बंदराच्या जुन्या धक्क्याला लागून दोन खिडक्यांची एक खोली आहे. पाण्यात सोडलेल्या माइकची वायर तिथल्या यंत्राला जोडलेली असते. समोरून जाणाऱ्या ऑर्का, म्हणजे काळे-पांढरे शिकारी देवमासे, मोजायच्या, पाठीवरच्या उंच पराचा आकार बघून त्यांचे नंबर टाकायचे, रेकॉर्डिंग ऐकून वहीत वेळ लिहायची, हे काम त्यांनी तीस वर्षं केलं. ते गेल्यावर काम माझ्याकडे आलं, कारण घरात सावकाश बसून लिहिणारी मी एकटीच. आमचे हे मालवाहू जहाजावर, वर्षातले आठ महिने बाहेर. धाकटे दीर, म्हणजे भाऊजी, मासेमारीची बोट चालवतात, आणि त्यांचं अक्षर त्यांचं त्यांनाही लागत नाही.

नाव मी ठेवलं नाही. सतरा नंबरला फक्त ‘बाई’ म्हणायला लागले, आणि बाई हे काही नाव नव्हे अशी स्वतःची समजूत घातली.

बाईच्या परावर मागच्या कडेला खोल खाच आहे. तिचा कळप नेहमी बंदराच्या तोंडाबाहेरून, लांबून जातो. या थंडीत मात्र ती पिल्लाला घेऊन एकटीच आत यायला लागली, रोज पहाटे, थेट धक्क्यापर्यंत. मी तिथे असतेच. उजाडायच्या आत शेवटच्या पायरीवर बसून स्तोत्राची नऊ आवर्तनं करायची आणि ती पुरी होईपर्यंत कुणाशी अक्षर बोलायचं नाही, हा माझा अकरा वर्षांचा नेम. पूर्वी मोजायला माळ होती. मागच्या वर्षी ती हातातून निसटून पाण्यात गेली, तेव्हापासून एक आवर्तन झालं की पायरीजवळच्या लोखंडी खांबावर किल्लीने एक टोला देते.

सहाव्या-सातव्या आवर्तनाला पाणी फुगायचं, मोठा उसासा टाकल्यासारखा आवाज व्हायचा आणि बाई वर यायची. कुशीवर कलून एका डोळ्याने माझ्याकडे बघत राहायची. पिल्लू तिच्या पोटाशी घुटमळायचं. मला बोलायची मनाई, तिला बोलता येत नाही. आमचं छान जमायचं. एकदा मला ताप होता आणि आवाज बसला होता, तरी आले होते. त्या दिवशी बाई उन्हं वर येईपर्यंत गेली नाही. वहीत मी ‘सतरा, पिल्लासह, पंचावन्न मिनिटं’ एवढंच लिहिलं आणि घरी येऊन देवासमोर खूप वेळ बसले.

मग बंदराच्या साहेबांनी बोलावलं. पहिल्या तारखेपासून वेगवान फेरीबोट सुरू होणार होती आणि तिची पहिली खेप पहाटेच आत येणार होती. आदल्या दिवशीच्या चाचणीत पिल्लू फेरीच्या मागच्या फेसात शिरलं होतं आणि बाईने त्याला डोक्याने ढकलून बाहेर काढलं होतं, हे मी खिडकीतून पाहिलंच होतं. साहेब म्हणाले, जंगली जनावर रोज ठरल्या वेळी येतं म्हणजे कोणीतरी त्याला खायला घालतंय. ते कोण, ते बारा दिवसांत शोधा आणि बंद करा. नाहीतर पंख्यात सापडेल तेव्हा माझ्या नावाने रडू नका.

माझा संशय भाऊजींवर गेला. जायला वेळ लागला नाही, हे खरं.

त्यांची बोट धक्क्यापासून वीस हातांवर बांधलेली. बाकीचे बोटवाले अंधारातच निघून जायचे. हे मात्र इंजिन बंद करून बसून असायचे, शेजारी बादली. बाई आली की उभे राहायचे, गेली की निघायचे. एकदा गप्पांच्या ओघात म्हणाले होते की लोकांना बोटीतून ऑर्का दाखवायचा धंदा बरा चालेल. शिवाय गोणपाट. माझ्या खांबाला, पाण्याच्या जरा वर, एक ओलं गोणपाट घट्ट गुंडाळून बांधलेलं मला सापडलं. मासळीचा वास येत होता. यातच मासे लपवून ठेवत असणार, असं वाटून मी ते सोडून फेकलं. चार दिवसांनी पुन्हा बांधलेलं. पुन्हा सोडलं. तिसऱ्या वेळी गाठ इतकी पक्की होती की मला विळी आणावी लागली.

रेकॉर्डिंगमध्येही काहीतरी होतं. बाईची शीळ सुरू होण्याआधी दबका ठोका यायचा, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा एक. भाऊजींच्या बोटीत हातोडी असतेच. वहीत मी लिहिलं, ‘लाकडावर आघात? बोटीतून?’ आणि प्रश्नचिन्हं दोनदा गिरवली.

जेवताना आडून विचारलं, की आजकाल बादलीभर मासळी पहाटेच कुठे जाते. जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, आणि भाताचं भांडं उगाच हलवलं. भाऊजी म्हणाले, “वहिनी, एका बायकोचा हट्ट पुरवताना माझ्या नाकीनऊ येतात. तिथे ही पाच हजार किलोची आणखी कुठून पोसू?”

सगळे हसले. मीही हसले. पण त्यांनी उत्तर दिलं नव्हतं, हे माझ्या लक्षात राहिलं. मी स्वयंपाकघरात गेले की त्या दोघांचं बोलणं थांबायचं, तेही लक्षात राहायला लागलं. नेम करताना मन स्तोत्रात कमी आणि त्या बादलीत जास्त, असे आठ दिवस गेले.

नवव्या दिवशी मी साहेबांना अहवाल दिला. नाव घेतलं नाही, ‘धक्क्यालगतची बोट’ एवढंच लिहिलं. धक्क्यालगत बोट एकच होती. दुपारीच भाऊजींना हुकूम आला की बोट पलीकडच्या गोदीत न्या आणि पहाटे जुन्या धक्क्याजवळ दिसू नका. ते दोर सोडून गेले.

जाऊबाई संध्याकाळी माझ्या खोलीत आल्या. या खोलीत त्या लग्नानंतर एकदाच आल्या होत्या, मामंजींचा डबा घेऊन. आज बसल्या नाहीत.

“ताई, तुम्ही हळू बोलता म्हणून लोकांना वाटतं तुम्ही कुणाचं वाईट करणार नाही,” त्या म्हणाल्या. “मलाही वाटायचं.”

मी म्हटलं, मी फक्त जे दिसलं ते लिहिलं.

“गोणपाट दिसलं ना? कशाला बांधलं ते विचारलंत? तुमचा टोला खाली पाण्यात जाऊ नये म्हणून. तीनदा बांधलं त्यांनी, तीनदा तुम्ही सोडलंत. तिसऱ्यांदा तर कापलंत.”

माझा टोला, एवढंच मी म्हटलं असेन.

“तुमचाच. किल्लीचा. तो खांब तळापर्यंत गेलाय, ठण्ण आवाज लांब जातो. ती त्यालाच येते. यांना पहिल्या महिन्यातच कळलं होतं. म्हणून इंजिन बंद ठेवून बसायचे. दुसरी बोट आत शिरायला लागली की हात करून थांबवायचे. बादलीत गळाला लावायची मासळी असते, हवी तर येऊन मोजा.”

“मग मला सांगितलं का नाही?”

“मी शंभरदा म्हटलं, सांगा. तर म्हणे, वहिनींचा अकरा वर्षांचा नेम आहे, तो मोडायला लावणारा मी कोण?” त्या दाराकडे वळल्या. “आता बसा नेमाला निवांत. बोट काही मध्ये येणार नाही.”

त्या गेल्यावर मी त्या पहाटेचं रेकॉर्डिंग लावलं. आजवर तुकड्या-तुकड्यांनी ऐकायचे, जिथे शीळ तिथलंच. या वेळी पाऊण तास हात न लावता ऐकलं. एक ठोका. त्यानंतर मी मनातल्या मनात आवर्तन म्हणत गेले आणि ते संपलं तिथेच दुसरा पडला. सहाव्यानंतर शीळ आली. ठोके नऊ झाले. रोज स्वतः दिलेला टोला मला ओळखू आला नव्हता, कारण माझ्या नेमाचा आवाज होत असेल हेच माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. चोर शोधायला मी सगळं बंदर धुंडाळलं होतं.

लिहायला लाज वाटते, पण आधी आनंद झाला. ती कुणाच्या मासळीसाठी येत नव्हती. तिच्या तोंडात कुणी काही घातलं नव्हतं आणि तरी ती येत होती. काही क्षण मी कानावरचे हेडफोन तसेच दाबून धरले. मग फेस आठवला आणि त्यात शिरलेलं पिल्लू.

अहवाल मी त्याच संध्याकाळी साहेबांच्या घरी जाऊन बदलला, कारणासकट. त्यांनी तो वाचला, चष्मा काढला, पुसला, आणि बोट परत आणायला सांगा म्हणाले. तिथून मी पलीकडच्या गोदीवर गेले. भाऊजी जाळं विणत बसले होते. मी माफी मागायला लागले तर म्हणाले, अहो, राहू द्या, इथे पाणी जरा शांत आहे, झोप चांगली लागते.

खांबाला पुन्हा गोणपाट बांधू का, असं मी विचारलं. त्यांनी सुई थांबवली.

“आता गोणपाटाने भागायचं नाही, वहिनी. तिने तुमची पायरी ओळखलीय. नुसत्या बसलात तरी वाट बघत थांबेल. तुम्ही दिसताच कामा नये.”

“किती दिवस?”

“ती यायची बंद होईपर्यंत. मी रोज लांबून बघेन आणि तुम्हाला सांगेन.”

“ती शोधेल मला.”

“शोधेल,” ते म्हणाले. उगाच समजूत घातली नाही, हे त्यांचं मला बरं वाटलं. मी शब्द दिला.

फेरीला तीन दिवस उरले होते. दुसऱ्या पहाटे नेहमीच्याच वेळेला जाग आली. तोंड धुतलं, शाल घेतली. जाऊबाईंच्या खोलीत दिवा लागला होता. त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. माझं मौन सुरू झालेलं, त्यांचाही राग गेलेला नव्हता, त्यामुळे दोघी काही बोललो नाही. त्यांनी फक्त फाटकाची कडी काढून दिली.

गल्लीच्या टोकाला उजवीकडे धक्का, डावीकडे टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीचा चढ. बंदराकडून तो उसासा ऐकू आला. आज ती लवकर आली होती. मी पहिलं आवर्तन मनात सुरू केलं आणि डावीकडे वळले.