एक उखळ, दोन मुसळं

माघ सरत आला की सोलापूरचं ऊन पिकतं. पिवळं होत होत केशरी होतं, केशरी होत होत जड होतं, आणि भरल्या पोत्यासारखं गल्लीगल्लीत टेकतं. यंत्रमागांच्या खडखडाटावर, गिरणीच्या निर्धूम, मूक धुराड्यावर, अंगणात उभ्या करून वाळवलेल्या ज्वारीच्या भाकरींवर तेच ते सुवर्णजड ऊन. आणि त्या उन्हाला वास असतो. भाजल्या शेंगांचा, ठेचल्या लसणाचा, रक्तारुण तिखटाचा.

भिंतीच्या अलीकडं सुगलाबाई राहायची, पलीकडं निंगव्वा. उखळ निंगव्वाच्या अंगणात, काळ्या पाषाणाचं, खोल, जमिनीत रोवलेलं. मुसळं मात्र दोन, दोघींची. एक वर जाई तेव्हा दुसरं खाली येई. धप्प, तिचं. धप्प, हिचं. दोघी नवऱ्या म्हणून या गल्लीत आल्या तेव्हापासून शेंगांची चटणी अशीच व्हायची. बाळंतपणं त्या तालात सांगून झाली, सासवा त्या तालात शिव्या खाऊन गेल्या, आणि सुगलाचा धनी वारला त्या वर्षी तर शब्दच नव्हते. नुसता ताल होता, आणि तालाच्या तळाशी हळूहळू सुटत जाणारं तांबूस तेल.

आज भिंतीपलीकडून तोच ताल आला. आणि सुगलाचं मुसळ तर तिच्या घरात, दाराआड उभं होतं.

ती भिंतीपाशी गेली. टाचा उंचावल्या. उखळाभोवती दोन पदर खोचलेले, एक विटका, एक कोवळा हिरवा. निंगव्वाची सून दानेश्वरी, पंधरवड्यापूर्वी इंडीहून आलेली. हात उंच, हात लवचिक, हळदउजळ. माहेराहून आणलेलं नवं मुसळ उचलताना बांगड्या कोपराकडं धावत, आणि मुसळासंगं पुन्हा मनगटावर येत.

"ये की गं सुगले!" निंगव्वा हसली. "बग, हात कसा पडतोय पोरीचा. अगदी तुझ्यागतच!"

तुझ्यागतच. लाडानंच म्हणाली ती. पण तो शब्द सुगलाच्या काळजात काचेसारखा गेला. वेगळी असती पोर, वेंधळी असती, तर सोसलं असतं. तुझ्यागतच, म्हणजे तुझ्याजागी.

"मला हाक न्हाई मारलीस," सुगला म्हणाली.

"कशाला तरास तुला? आता हाताशी सून हाय की."

मत्सराचा जाळ होत नाही. त्याची मंद आच असते, शेंगा भाजताना ठेवतात तशी. वरची साल लालच दिसते, आणि आत दाणा करपत जातो.

दानेश्वरी धावत आली. भाकरीच्या तुकड्यावर नखभर चटणी, भिंतीवरून हात लांब. "अक्का, तुम्ही चव बगा. अत्त्या म्हणत्यात, तुमची जीब कधी चुकत न्हाई."

सुगलानं तुकडा जिभेवर ठेवला. स्निग्ध, दाहक, दाणेदार, लसूणगंधी. जिथं तिखट थांबावं तिथं थांबलेलं, जिथं मीठ उमटावं तिथं उमटलेलं. अशी चटणी, जशी त्या दोघींचीच व्हायची. त्या सुंदर घासानं तिचे डोळे भरून आले, आणि त्याच सुंदर घासानं तिचं मन काळं झालं.

"मीठ कमी हाय," ती म्हणाली. "चांगलं मूठभर लागंल."

पोरीनं मूठभर टाकलं. ठोके पडले. मग निंगव्वानं बोट बुडवलं, चाखलं, आणि तिचं तोंड वाकडं झालं.

"माझंच चुकलं, अत्त्या," दानेश्वरी घाईनं म्हणाली. "मूठ मोठी झाली माझी." भिंतीकडं तिनं पाहिलंसुद्धा नाही.

निंगव्वानं मात्र पाहिलं. खूप वेळ पाहिलं. भिंतीवरचा चेहरा खाली झुकत गेला, झुकत गेला.

"सुगले," ती शेवटी म्हणाली, "तुझी जीब न्हाई चुकली. मला ठावं हाय काय चुकलं ते. ह्यात आता दुप्पट शेंगा पडल्याबिगर खारटपणा जात न्हाई. तुझ्या घरातल्या आण. आन् तुझं मुसळ बी आण. भिंतीवरनं नुसती बगत काय ऱ्हाती, घूस बगती तशी!"

सुगला आली. पदरात शेंगा, खांद्यावर मुसळ, मान खाली. दानेश्वरीनं एक पाऊल मागं घेतलं, जागा दिली. त्या एका पावलानं सुगलाला जितकं भाजलं तितकं कशानंच भाजलं नव्हतं.

तिघी उभ्या राहिल्या. ताल नवा होता. आधी निंगव्वाचा ठोका. मग पोरीचा. आणि तोवर सुगलानं मुसळ वर धरून ठेवायचं, दोन्ही हात ताणून, श्वास रोखून. त्या थांबण्यातच सगळं होतं, दुखणारं, जळणारं, तरीही सोडवेना असं. निंगव्वाचं पडलं. पोरीचं पडलं. केशरी उन्हात तिचं मुसळ क्षणभर एकटंच उंच राहिलं, आणि मग, जरा उशिरा, जरा जड, खाली आलं.