बोळकांडीतली शोभेची पट्टी

साहेब, एका म्हाताऱ्या माणसाचा संडासाला जायचा रस्ता तुम्ही बंद केलात, आणि बंद केल्याचे पैसे त्याच्याच घरातून वसूल केलेत. तुमच्या कागदावर याला 'वसाहतीचे अंतर्गत सुशोभीकरण' म्हणतात. असली भारदस्त नावं शोधण्यात तुमचा हात कोण धरणार! ज्यांच्या घरात हे घुसवायचं त्यांना एकदा विचारावं, एवढं मात्र तुम्हाला सुचलं नाही.

आता बाकीच्यांनीही ऐकावं, झालं ते असं. कारखान्याचे मोठे साहेब कुठल्याशा बड्या माणसाच्या बंगल्यात पाहुणचार झोडून आले. तिथे भिंतीच्या पायथ्याशी, फरशीला लागून, नक्षीची लाकडी पट्टी होती. स्कर्टिंग. साहेब तिच्यावर असे भाळले की परतल्या परतल्या हुकूम सुटला, कामगार वसाहतीतल्या घराघरात अशीच पट्टी पाहिजे. छपरं गळत होती, वरच्या मजल्याच्या नळाला पाणी चढत नव्हतं. पण साहेबांची नजर एकदा जी फरशीला चिकटली ती वर यायला तयार नव्हती. खर्च कोणाचा? राहणाऱ्यांचा. पगारातून हप्त्याहप्त्याने कापू, तुम्हाला कळणारसुद्धा नाही, असं देखभाल खात्याने मोठ्या मायेने कळवलं. खिसा कापणाराही असंच म्हणत असेल.

तळमजल्यावरच्या कोपऱ्यातल्या घरात पॅकिंगवाली राहायची. कारखान्याच्या पॅकिंग विभागात होती, म्हणून वसाहतीत तिचं नाव तेच पडलं. नवरा देखभाल खात्यात टायपिंगला. साहेबाने शिंक दिली तरी हा 'हो जी' म्हणायचा, म्हणून लोक त्याला होजी म्हणायचे. तोंडावर म्हणायचे, त्याला राग येत नसे. राग यायला आत काहीतरी लागतं.

आणि तिसरे बाबा, होजीचे वडील. याच कारखान्यात केस पांढरे केलेले, आता कमरेखाली लुळे, चाकाच्या खुर्चीवर. पण माणूस ताठ. सून कामावर, मुलगा कामावर, दिवसभर घरात एकटे. सगळं स्वतःचं स्वतः करायचे. खोलीपासून संडासापर्यंत एक अरुंद बोळकांडी होती. खुर्ची तिच्यातून जायची, पण चाकं फिरवणारे हात आत मावायचे नाहीत, बोटं सोलून निघायची. बाबांनी त्यावर युक्ती काढली होती. तोंडाशी खुर्ची नीट सरळ लावायची, चाकांना एक सणसणीत झटका द्यायचा आणि हात चटकन मांडीवर घ्यायचे. खुर्ची आपली सरसरत थेट पलीकडे. हे जमवायला त्यांनी किती बोटं सोलून घेतली ते पॅकिंगवालीला ठाऊक होतं. हळद तिनेच लावली होती. आता कोणी दिसलं की म्हणायचे, "बाजूला व्हा, सवारी येतेय!"

माप घ्यायला कंत्राटदार आला तेव्हा ती घरीच होती.

"दर फुटावर," तो म्हणाला. "कोपऱ्यांचे वेगळे. तिरका काप घ्यावा लागतो."

"आणि दारं का मोजताय? दाराला कुठे पट्टी लागते?"

"दारं धरूनच मोजतात, वहिनी. सगळीकडे असंच असतं."

"म्हणजे जिथे पट्टी नाही तिथलेही पैसे? मग ठोका की दारातही! उड्या मारत जाऊ आम्ही."

"अगं, मोजू दे ना त्यांना," होजी कळवळला. "फुटाफुटासाठी काय भांडतेस? साहेबांच्या कानावर गेलं तर?"

"जाऊ दे. कान तरी वापरात येतील."

मग तिने कंत्राटदाराला बोळकांडीत नेलं. इथे पट्टी नको, म्हणाली, बाबांची खुर्ची जेमतेम निघते. पट्टी तीन थरांची, खाली गोल फुगलेली. दोन्ही बाजूंनी बसली की झालंच. कंत्राटदाराने डोकं खाजवलं. एक भिंत सोडली तर बिल अडकतं, म्हणाला. पण ठोकायच्या आधी खुर्ची फिरवून बघू, नाही गेली तर वर कळवू. ती एवढ्यावर थांबली. माणसाने शब्द दिला होता.

पट्टी बसली त्या दिवशी ती कामावर होती. तयार झालेल्या पहिल्या घरांचे फोटो काढायला साहेब येणार, अशी खबर होजीने खात्यातून आणली होती, आणि सुट्टी टाकून घर आवरत बसला होता. आवरलं काय? बापाची खुर्ची. फोटोत ती बरी दिसत नाही म्हणून घडी घालून गच्चीच्या जिन्याखाली पिंपामागे ठेवली, वर चादर टाकली. बाबांना पलंगावर बसवलं. कंत्राटदाराने आपणहून विचारलं, "खुर्ची फिरवून बघायची होती ना?"

"राहू द्या हो," होजी म्हणाला. "ठोका तुम्ही."

आतून बाबा ओरडले, "अरे, खुर्ची आण आधी! खुर्ची!"

होजीने खोलीचं दार लोटून घेतलं. कंत्राटदाराची माणसं ठोकत गेली. आणि साहेब? साहेब त्या दिवशी आलेच नाहीत. दुसरं काही सुचलं असेल. दुपार उलटल्यावर होजीने खुर्ची पिंपामागून काढून परत बाबांच्या पलंगाशी लावली.

संध्याकाळी ती घरात शिरली तर बाबा बोळकांडीत. सवारी अर्ध्यात अडकलेली. नेहमीसारखा झटका दिला होता, तो इतका जोरात की दोन्हीकडची चाकं पट्टीच्या फुगीर कडेत पाचरीसारखी बसली. पुढे नाही, मागे नाही. खाली फरशी ओली होती. होजी बाहेर व्हरांड्यात उभा राहून शेजाऱ्याला पट्टीचं पॉलिश दाखवत होता.

"कधीपासून अडकलात, बाबा? हाक का नाही मारलीत?"

"मारली की. तो म्हणाला, आलोच." बाबांनी तिच्याकडे पाहिलं नाही. भिंतीकडे पाहत म्हणाले, "पण नक्षी झकास आहे हो, सूनबाई. घरात आता दोन गोष्टी शोभेच्या झाल्या. एक ही, एक मी."

तिने खुर्ची मागे खेचली. लाकूड करकरलं. बाबांचे कपडे बदलले, फरशी पुसली, आणि एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर होजीचं काय झालं असतं सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी पलंगाशी भांडं आलं. आणि बाबांनी पाणी प्यायचं सोडलं. एकदम नाही, चहा अर्धा परत, तांब्या भरलेला तसाच. "तहान नाही," म्हणायचे. ओठ फुटले, जीभ कोरडी पडली, बोलताना शब्द चिकटायला लागले. तिला कळायला वेळ लागला नाही. प्यायलं की जावं लागतं, जायचं म्हणजे भांडं, आणि भांडं म्हणजे ते कोणीतरी रिकामं करणार. माणूस तहानेने मरायला तयार होता, पण सुनेला भांडं उचलायला लावायला तयार नव्हता.

तिने अर्ज दिला. उत्तर होजीनेच टाईप करून आणलं! पट्टी काढायला परवानगी लागेल, काढणावळ राहणाऱ्याकडून, भिंतीच्या गिलाव्याचा खर्च राहणाऱ्याकडून, बसवल्याचे हप्ते चालूच राहतील. शेवटी माणुसकी म्हणून एक सल्ला होता, कमी रुंदीची खुर्ची घ्यावी.

"हे तू टाईप केलंस?" तिने विचारलं.

"मजकूर साहेबांचा आहे. मी फक्त..."

"बाप कोणाचा आहे?"

होजी कागदाची घडी घालायला लागला.

"नाही, सांग ना. तोही साहेबांचा असेल तर मी उगीच तुझ्याशी बोलतेय."

"थोडं सांभाळून घे गं," तो म्हणाला. "आपलं घर खात्याचं आहे. उद्या खाली करा म्हणाले तर कुठे जाणार? लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील, होजी गेला, घर मोकळं झालं."

पॅकिंगमध्ये परत आलेली लाकडी खोकी उघडायचं काम तिच्याकडे असायचं. फळीखाली कटावणी कुठे सरकवायची, कुठे दाब दिला की खिळा न वाकता वर येतो, हे तिच्या हातात बसलेलं होतं. ती कटावणी पिशवीत घालून घरी आली. पदर खोचला, बोळकांडीत बसली, आणि एकेक फळी उचकटत गेली. खिळे किंचाळले. गिलाव्याचे पोपडे पडले. होजी दारात उभा राहून "अगं... अगं..." करत होता, सांडशीत धरल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता. बाबा खोलीतून प्रत्येक फळीला "शाब्बास!" म्हणत होते. शेवटची फळी निघाली तसं त्यांनी पाणी मागितलं. तांब्याला तोंड लावून, घटाघटा, गळ्यावरून ओघळेपर्यंत प्यायले.

आणि नेमके तेव्हा साहेब आले. बरोबर फोटोवाला, देखभाल खात्याचे दोघे, आणि मागे उगीच मान डोलावणारा एक. साहेब सरळ आत शिरले आणि बोळकांडीत येऊन थांबले. दोन्ही भिंतींचे पायथे खरवडलेले, फरशीवर लाकूड.

"हे काय? कोणाच्या परवानगीने?"

"सर, मी तिला सांगत होतो," होजी म्हणाला. "मी तर सारखा सांगत होतो, सर."

"किंमत माहीत आहे याची?" साहेब तिच्यावर गरजले.

"माहीत आहे. माझ्याच पगारातून चाललीय. तुम्हाला माहीत आहे का?"

"दंड होईल. घर खाली करावं लागेल. कारखान्याच्या मालमत्तेची ही नासधूस..."

साहेब बोळकांडीच्या मधोमध उभे राहून बोलत राहिले. नियम बोलले, शिस्त बोलले, सौंदर्यदृष्टी बोलले. फोटोवाल्याला काय करावं कळेना. पॅकिंगवाली भिंतीला टेकून ऐकत होती, कटावणी हातात. चेहऱ्यावर भीती नव्हती, रागही नव्हता. बुरशी आलेलं काही समोर आलं की माणूस बघतो, तसं ती बघत होती.

खोलीच्या दारात चाकं वाजली. बाबांनी खुर्ची तोंडाशी नीट सरळ लावली. दोन्ही हात चाकांवर गेले. गळा अजून ओला होता.

"साहेब," ते म्हणाले, "तुमचं भाषण छान चाललंय, पण मी तांब्याभर पाणी प्यायलोय. हलताय, की येऊ अंगावर?"