अबोल विनंती

"बोट चाले पुढे पुढे, डोळे त्याच्या मागे मागे;
शब्द निजले ओळीत, हाक देता होती जागे."

आईचा तो आवाज टॅबिथाला अजून ऐकू यायचा, बहुतेक वेळा भांडी घासताना. गाणं आईनेच रचलेलं. मक्याच्या पावाचं पीठ कालवता कालवता ती ते म्हणायची, आणि टेबलाशी बसलेल्या टॅबिथाचं लक्ष जरा ढळलं की पिठाच्या हातानेच तिची हनुवटी पुस्तकाकडे वळवायची. "माझ्या तोंडाकडे काय बघतेस गं? तोंडात नाहीये ते, बोटाखाली आहे." शाळेची पिवळी बस दारावरून निघून जायची आणि त्या टेबलाशी चार भावंडं वाचायला शिकायची.

आता आई चर्चमागच्या टेकडीवर देवदाराखालच्या मातीत होती आणि टेबल टॅबिथाकडे आलं होतं. टेबल तेच, गाणं तेच. पण तिची ऑपल नऊ वर्षांची झाली तरी बोटाखालचे शब्द काही जागे होत नव्हते. "मुंग्यांसारखे पळतात गं आई," ती म्हणायची. कानांनी मात्र पोर विलक्षण. एकदा ऐकलं की कायमचं तिचं. म्हणून टॅबिथा वाचायची, ऑपल तिच्या तोंडाकडे बघत टिपून घ्यायची, आणि पाहुण्यांसमोर पुस्तक उघडून घडाघडा म्हणून दाखवायची. असं कधी सुरू झालं ते दोघींनाही आठवत नव्हतं. आई असती तर विचारलं असतं. सगळं तिथेच अडायचं.

मंगळवारी सकाळी तिच्या नवऱ्याने, क्लेटनने, ट्रक चर्चच्या दारात उभा केला. पशुखाद्य पोचवण्याच्या फेऱ्यांतून त्याने आज मुद्दाम सुट्टी काढली होती, सदऱ्याला इस्त्रीही होती. घरीच मुलं शिकवणाऱ्या कुटुंबांचं को-ऑप दर मंगळवारी इथल्या तळघरात भरायचं. एक आई विज्ञान शिकवी, दुसरी चित्रकला, कुणी तान्ह्यांना सांभाळी. टॅबिथाकडे शिवणकाम आलं होतं. उमेदवारीचे महिने संपले होते, आज त्यांना कायमचं कुटुंब म्हणून घेणार होते.

ऑपल उडी मारून मैत्रिणीकडे, ट्रुडीकडे, पळाली. दोघींनी सारख्या रिबिनी बांधल्या होत्या. आजवर ऑपलची मैत्रीण म्हणजे एक शेळी.

"सांगून टाक ना आता," क्लेटन हळूच म्हणाला.

"आज? मग तिला चिमुरड्यांच्या वर्गात बसवतील. ट्रुडी सुटेल तिची. आणि तुझी आई म्हणेलच, बसमध्ये घातली असती तर ही वेळ आली नसती."

"माझी आई पाऊस पडला तरी तेच म्हणते."

तिला हसू आलं, पण ती ट्रकमधून लगेच उतरली नाही.

तळघरात कॉफीचा आणि भट्टीत भाजलेल्या फरसबीच्या कॅसरोलचा वास कोंडला होता. को-ऑपची रीत अशी की नव्या घरातल्या मोठ्या मुलाने सगळ्यांसमोर बायबलमधलं वचन वाचायचं. मग आयांनी गोल बसून प्रार्थना करायची. मग सगळ्यांनी हात हातात घेऊन कुटुंबाला आपलं म्हणायचं आणि जेवायला बसायचं.

वचन आधीच कळवलं होतं. ऑपल पुस्तक धरून उभी राहिली आणि तिने ते असं म्हटलं की मागच्या बाकावरचं बाळसुद्धा रडायचं थांबलं. तिचे डोळे पानावर नव्हते, टॅबिथाच्या ओठांवर होते. टॅबिथाचे ओठ नकळत हलत होते.

को-ऑपच्या प्रमुख रोवेना पिकेटबाईंनी डोळे टिपले. "किती गोड वाचतेस गं बाळा! थांबू नकोस, पुढची ओळपण वाच."

ऑपलने आईच्या तोंडाकडे पाहिलं. पुढची ओळ टॅबिथाला पाठ नव्हती.



"माझा चष्मा घरी राहिला," ऑपल म्हणाली.

ऑपलला चष्मा नव्हताच कधी.

"एवढंच ना?" ट्रुडीच्या आजीने गळ्यातला चष्मा काढला. "हा घे माझा. याने मला माझ्या नवऱ्याचे दोषसुद्धा दिसतात."

हशा पिकला. ऑपलने तो जाडजूड चष्मा घातला. काचांमागे तिचे डोळे मोठे, ओले झाले. त्या धुक्यातून ती पान शोधत राहिली. बोटही ठेवलं तिने, शहाण्यासारखं. ओळीवरून बोट पुढे पुढे गेलं आणि कडेला जाऊन थांबलं.

"जाऊ दे गं," पिकेटबाई म्हणाल्या. "पुढच्या मंगळवारी वाच हं."

मुलं खेळायला गेली, बाप्ये टेबलं मांडायला गेले. आया गोल बसल्या. एकीने नवऱ्याच्या पाठीसाठी प्रार्थना मागितली, दुसरीने आटलेल्या विहिरीसाठी. ज्यांना सांगवत नसे त्या नुसता हात वर करून म्हणत, "अबोल." मग कुणी काही विचारत नसे; देवाला कळलं की झालं. टॅबिथा पहिल्या मंगळवारपासून तेच म्हणत आली होती, इतकं की ट्रुडीची आई डेल्फा एकदा चेष्टेने म्हणाली होती, "तुझं हे अबोल आता पोराएवढं मोठं झालं असेल गं."

तिची पाळी आली. सवयीने हात वर गेला.

वर्तुळातल्या बायकांनी माना खाली घातल्या. कुणाच्या हातांना पिठाचा वास होता. अशाच हाताने कुणी हनुवटी धरावी आणि म्हणावं, तोंडात नाही गं, बोटाखाली आहे, असं तिला फार वाटलं. पण तो हात देवदाराखाली होता. आणि भिंतीपलीकडे तिची लेक, जिला खोटं बोल असं तिने कधीच सांगितलं नव्हतं, आईला वाचवायला सगळ्यांदेखत खोटं बोलून मोकळी झाली होती.

"टॅबिथा?" पिकेटबाईंनी डोळे न उघडताच विचारलं. "अबोल ना?"

तिने हात खाली घेतला.

"नाही," ती म्हणाली. "माझ्या ऑपलला वाचता येत नाही. मी सगळं करून पाहिलं. मला शिकवता येत नाहीये तिला."