आतली कडी

"त्याला हात लावायचा नाही," मी बाथरूमच्या दारात आडवी उभी राहून म्हणाले. "माझ्या नवऱ्याने बसवलाय तो."

मिस्त्री पान्हा हातात धरून माझ्याकडे बघत राहिला. त्याच्यामागे माझा मुलगा, मुलाच्या मागे सून आणि सुनेच्या पायाशी भलंमोठं खोकं. खोक्यात विजेचा गिझर. मला विचारणं नाही, सांगणं नाही, सुट्टीच्या दिवशी सकाळी सकाळी फौज घेऊन दारात हजर!

"अगं आई, गॅसचा गिझर किती जुना झालाय बघ," मुलगा म्हणाला. "हा नवा एकदम सोपा. बटण दाबलं की पाणी गरम. सिलिंडर नको, नळी नको."

"आणि वीज गेली की? तुझं बटण चावत बसू?"

"टाकीतलं पाणी बराच वेळ गरम राहतं, काकू," मिस्त्रीने तोंड उघडलं.

"किती राहतं? दोन बादल्या! माझा हा बघा, नळ सोडला की गरम, आणि नळ बंद करेपर्यंत गरम. तुमच्या टाकीतलं संपलं की मी काय साबण अंगावर ठेवून वाट बघत बसायची?"

"दोन बादल्या पुरत नाहीत होय आई तुम्हाला?" सून हसत म्हणाली.

नाहीत पुरत. काय म्हणणं आहे? उभं आयुष्य मी हॉस्पिटलच्या लॉण्ड्रीत काढलं. वाफाळत्या पाण्यात परक्यांच्या चादरी उकळल्या, हाताची सालं निघाली, आणि घरी येऊन थंड पाण्याने आंघोळ केली. पहाटे चूल पेटवून पाणी तापवायला वेळ कोणाला होता? मी निवृत्त झाले त्या आठवड्यात आमचे हे गॅसचा गिझर खांद्यावर घेऊन आले. वीज तेव्हा रोज सकाळी जायची, म्हणून गॅसचा. भिंतीला भोकं स्वतः पाडली, नळ्या स्वतः जोडल्या आणि मला म्हणाले, "लोकांच्या चादरींना फार गरम पाणी दिलंस. आता तू घे." त्या दिवशी मी इतका वेळ आंघोळ केली की यांनी दोनदा दार वाजवलं. हे जाऊन आता बरीच वर्षं झाली. गिझर अजून चालतोय.

पण माझ्या हट्टाचं खरं कारण वेगळं होतं. गिझरवरून वाद सुरू झाला की तो गिझरवर थांबणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. मागच्या थंडीत मी महिनाभर मुलाकडे राहून आले होते. दोघंही जिवापाड जपतात, नाही म्हणत नाही. पण तिथे माझी आंघोळ सगळ्यांचं आवरल्यावर, आणि तीही दाराला कडी न लावता. "आत पडलात तर आई?" म्हणून सून दर थोड्या वेळाने बाहेरून हाक मारायची. मला वाटायचं, आंघोळ करतेय की परीक्षेला बसलेय! महिना संपला तशी मी पिशवी उचलली आणि माझ्या घरी आले.

त्यात आणखी एक गोष्ट. गेल्या वर्षी ताप आला आणि जाताना माझा वास घेऊन गेला. साबण नाही, फूल नाही, जळकं नाही, नाकाला काही म्हणजे काही कळत नाही. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. सांगते कशाला? वास येत नाही म्हणजे गॅसचाही येत नाही, आणि दुसऱ्याच दिवशी माझं बोचकं मुलाच्या घरी. मी माझा उपाय शोधला होता. यांनी शिकवलं होतं, सांध्याला साबणाचा फेस लावायचा. बुडबुडे आले तर गॅस गळतोय. रोज सकाळी उठल्याबरोबर मी फेस लावून बघत होते.

"बरं बाई, भांडण नंतर. आधी चहा तरी देशील की नाही?" मुलगा लाडात आला.

मी विरघळले. मेली आईची जात! स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला. चहा गाळत होते तेवढ्यात सून दारात येऊन उभी राहिली, मागे मुलगा आणि मिस्त्री. नाक आक्रसून ती म्हणाली, "आई, गॅसचा वास येतोय का हो?"

हिला येतोय आणि मला नाही, असं झालं तर मेलेच मी.

"येतोय की!" मी ठसक्यात म्हणाले. "केव्हाचा येतोय. गिझरकडूनच असणार. मी आता सांगणारच होते तुम्हाला."

मुलगा जमिनीकडे बघायला लागला. मिस्त्री बिचारा पान्हा पुसत हळूच म्हणाला, "काकू, तुम्ही चहा टाकायला आलात तेव्हाच गिझरचा सिलिंडर मी काढून गॅलरीत ठेवला. झाकण लावून. गिझरकडून वास यायचा प्रश्नच नाही."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "सापळा लावलास? सासूला?"

"हो, लावला," सून मागे हटली नाही. "परवा मी आले तेव्हा दूध करपून घरभर वास सुटला होता आणि तुम्ही शेजारी बसून निवांत पेपर वाचत होतात. तुम्हाला मेलेलं बघण्यापेक्षा खोटं बोलताना पकडलेलं बरं."

मग फेसाचं सांगून टाकलं. वाटलं, आता तरी गप्प बसतील.

"फेसाने सांधा गळतोय का ते कळतं, काकू," मिस्त्री म्हणाला. "पण आत ज्योत पेटलीच नाही आणि गॅस तसाच सुटत राहिला तर? तेव्हा नाकच लागतं."

त्याचं खरं होतं. अशी तोंडावर मी आयुष्यात कधी पडले नव्हते.

मुलाने चहाचा कप खाली ठेवला. "झालं तेवढं पुरे. आई, कपडे भर. आता एकटीने राहायचं नाही."

ती वेळ आलीच शेवटी. मी यांच्या गिझरकडे पाहिलं. मग मुलाकडे.

"माझं नाक गेलंय, डोकं नाही गेलेलं," मी म्हणाले. "मिस्त्री, काढा तो गिझर. विजेचा बसवा. आणि तू," मुलाला म्हणाले, "उद्या विजेची शेगडी घेऊन ये. स्वयंपाकघरातलाही गॅस काढून टाक. या घरातून गॅस जाईल. मी जाणार नाही."

"अगं पण आई..."

"पण नाही नि बिण नाही! तुला माझी काळजी आहे की मला न्यायचंच आहे, ते आधी ठरव."

सून नवऱ्याकडे बघून म्हणाली, "आणा शेगडी."

मिस्त्रीने जुना गिझर उतरवला तेव्हा मी तिथेच उभी राहिले. डोळ्यांतून पाणी आलं, ते आलं, लपवलं नाही. नवा गिझर बसला, बटण दाबलं, बारीकसा लाल दिवा लागला. मिस्त्री हत्यारं आवरत होता तर मुलगा म्हणतो, "जाता जाता दाराची ही आतली कडीपण काढून टाका."

"खबरदार!" मी ओरडले, तसा मिस्त्री दोन पावलं मागे सरला.

"असू दे हो कडी," सून म्हणाली.

पाणी तापल्यावर टॉवेल घेऊन मी आत गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी खाडकन कडी घातली. जुन्या गिझरच्या जागी भिंतीवर चौकोनी डाग राहिला होता आणि यांनी पाडलेली चार भोकं. दोन बादल्या भरून घेतल्या. पाणी चांगलं कढत होतं, खोटं कशाला बोलू. साबण नाकाशी धरून पाहिला. काही नाही. मग तसाच चोळला.

पहिली बादली संपली तोच दारावर टकटक झाली.

"आई, झालं का गं?"

"नाही," मी म्हणाले आणि दुसरी बादली पुढे ओढली.